घराला रंग काढलाय

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, मुलीला नाही. देवापुढं उभी राहते तेव्हासुद्धा डोळे मिटून भलतंच काहीतरी बोलते. तुम्हाला सांगतेय ते तुम्ही मला ओळखत नाही म्हणून. ओळखत असतात तर मी आधी हाच विचार केला असता — हा माणूस हे कुणाच्या कानावर घालील? माझं मन असंच चालतं. कुणी पाणी विचारलं तरी मी आधी त्याच्या तोंडाकडं बघते, ह्याला काय पाहिजे म्हणून. स्वभाव म्हणून सोडून देता आलं असतं. पण पुढं जे झालं ते सगळं ह्या स्वभावातूनच झालं.

मी भोरला राहते. कॉलेजच्या ऑफिसात नोकरी. माहेर वेल्हे तालुक्यात, विंझरच्या पुढं आत एक वाडी आहे, तिथं. वडील लवकर गेले. आई धाकट्या भावाकडं, दत्ताकडं, राहायची. दत्ताची बायको शालन, आणि त्यांची एकच मुलगी — पल्लवी. तेव्हा ती शाळेत होती.

आई नवरात्रात गेली. त्यानंतर जी दिवाळी आली तिच्याबद्दल सांगायचंय. पण एकदम तिथं जाता येत नाही मला. आधी एक फोन आहे.

घट बसायच्या थोडं आधी, दुपारचा, मी ऑफिसात असताना आला. शालनच्या मोबाईलवरून. आईला नंबर लावता यायचा नाही, शालननं लावून दिलेला असणार.

"बाय, औंदा दिवाळीला तुज्याकडं येऊ का? चार दिस. भाजनी बी करून ठिवलीया. चकल्या तितंच तळू."

आईनं लेकीकडं यायचं — ह्यात विचारायचं काय असतं? तरी तिनं विचारलं. आणि मला पहिलं काय वाटलं असेल? वाटलं, हे शालनचं काम आहे. आईच्या आवाजामागं कुणीतरी उभं असल्याचं मला ऐकू येत होतं. बांगडी वाजली एकदा. आईचे गुडघे गेले होते. तिला हाताला धरून उठवावं लागायचं, कधी अंथरूण ओलं व्हायचं. मी मनात हिशेब मांडला — चार दिवस म्हणून पाठवणार आणि मग न्यायला कुणी फिरकणारच नाही. दत्ता म्हणेल, भात काढायचाय. मग म्हणेल, गाडी मिळत नाही. त्यातून माझ्या नणंदा पुण्याहून दिवाळीला यायच्या होत्या. आई बशीत चहा ओतून मोठ्यानं फुरके मारायची. नणंदा एकमेकींकडं बघतील, एवढंसुद्धा मी त्या अर्ध्या मिनिटात बघून घेतलं.

म्हटलं, "अगं, घराला रंग काढलाय. सगळं सामान बाहेर पडलंय. यंदा नको."

रंग काढला नव्हता.

"बरं, बाय. रंग झाल्यावर बगू," एवढंच म्हणाली. आवाजात रुसवा नव्हता. असता तर बरं झालं असतं का? माहीत नाही.

अष्टमीच्या सकाळी दत्ताचा फोन आला. झोपेतच गेली होती.

दहाव्याला नदीवर सगळा गाव होता. आमच्याकडं बायकाही जातात. भाताचे पिंड मांडले, सगळे मागं सरले. वर करंजावर कावळा बसलेला — पण खाली येईना. मान वाकडी करून बघायचा आणि फांदी बदलायचा. दत्तानं हात जोडले. म्हणाला, "आये, पल्लीला शिकवीन. ताईला अंतर देनार न्हाई." कावळा हलला नाही. आमचे चुलते, तात्या, म्हणाले, "म्हातारीचं कायतरी ऱ्हायलंय. कुनाला ठावं आसंल तर बोला बाबांनो. ऊन चढाय लागलं."

मला ठाऊक होतं.

हसू नका — किंवा हसा. मी शिकलेली बाई. कॉलेजात पोरांचे दाखले कॉम्प्युटरवर काढून देते. पण त्या क्षणी माझी खात्री होती, की मी नुसतं मनात म्हटलं, 'आई, ये माझ्याकडं,' तरी तो कावळा सरळ खाली उतरणार. आणि उतरताना माझ्याकडं बघणार. आणि मग सगळेच माझ्याकडं बघणार. म्हणून मी मनात ते वाक्य पुरं होऊ दिलं नाही. चक्क एकोणिसाचा पाढा म्हणत उभी राहिले. आईच्या पिंडासमोर. आई नसल्याचं दुःख होतं का तेव्हा? होतं असणार. पण मी कावळ्यावर नजर ठेवून होते, तो चुगली करणार असल्यासारखी.

लोक कुजबुजायला लागले. कुणीतरी म्हणालं, लेकीत जीव अडकलाय का बघा. ते ऐकलं आणि माझ्या तोंडातून आलं — शेजारी चुलती होती, तिला सांगितल्यासारखं, पण चारजणींना ऐकू जाईल अशा बेतानं — "शेवटी शेवटी तरी पोटभर मिळत होतं का तिला, देव जाणे."

एवढंच. नाव घेतलं नाही कुणाचं. घ्यायची गरजच नव्हती ना? आईला जेवायला कोण वाढत होतं, हे सगळ्या वाडीला माहीत होतं.

शालन पलीकडं केळीची पानं धरून उभी होती. तिनं माझ्याकडं पाहिलं. मग खाली पाहिलं. शेवटी दर्भाचा कावळा करून पिंडाला शिववला आणि आम्ही घरी आलो. येताना बायका शालनच्या दोन पावलं मागं चालत होत्या. मी ते पाहिलं. सांगते ना — माझं लक्ष असतं.

भोरला आल्यावर मी पहिलं काय केलं? रंगारी बोलावला. नवरा म्हणाला, "अगं, आई जाऊन महिना झाला नाही आणि हे काय मध्येच?" मी म्हटलं, दिवाळी तोंडावर आलीय, भिंती बघवत नाहीत. खरं कारण असं, की शालन कधी ना कधी घरी येणार आणि भिंतींकडं बघणार. मला तिच्या आधी भिंती गाठायच्या होत्या. फिकट पिवळा रंग दिला. मी खोटं बोललेलं असं मागाहून खरं करून घेतलं.

मग दिवाळी आली. आमच्या भागात घरात माणूस गेलं, की त्या वर्षी त्या घरात सणाची कढई चढत नाही. पण फराळ नसतो असं नाही — उलट. गावातून घरोघरची ताटं येतात. वडील गेले तेव्हाचं मला आठवतंय, फळीवर ताटं मावत नव्हती. कुणाचा लाडू कडक, कुणाचा बसका, कुणाच्या करंजीत नुसतंच खोबरं, आई रडता रडता म्हणाली होती, "आक्क्या गावाची चव बघून घे एकदाच." लेक मात्र दुसऱ्या घरची. तिच्या घरात तळण चालतं. तिनं माहेरी फराळ न्यायचा असतो.

मी भाऊबीजेला डबे भरून गेले. नसरापूरला एसटी बदलली, दुपारी वाडीवर पोचले. आत स्वैपाकघरात डबे ठेवायला गेले आणि फळीकडं बघितलं.

फळी रिकामी होती. एकच ताट होतं, वरच्या आळीतल्या एका म्हाताऱ्या बाईनं आणलेलं. बाकी घासून पालथी घातलेली भांडी. शालननं जागा करून ठेवली होती, ते कळत होतं — फळीवर नवा कागद अंथरला होता.

पल्लवी म्हणाली, "आत्या, यंदा कुणीच नाही आलं. शाळेत पण त्या पोरी म्हणतात, तुझ्या घरी —"

"पल्ले, चा ठिव," शालन म्हणाली. मग माझ्याकडं न बघता, "लोकास्नी बी कामं आस्त्यात, ताई. भाताचं दिस."

मी काय करायचं होतं? त्याच पायी चुलतीकडं जायचं होतं. चार घरं हिंडायची होती. दहा पावलांवर घरं होती ती. मी चहा प्यायले. उलट मनात शंका — ही रिकामी फळी मुद्दाम मला दाखवायला ठेवली नसेल कशावरून? आलेली ताटं आत दडवली नसतील कशावरून? शालन बाहेर गेल्यावर मी कोठीच्या खोलीचं दार ढकलून बघितलं. आत कांदे होते आणि आईची काठी.

निघताना शालननं पत्र्याचा एक डबा माझ्या पिशवीत घातला.

"भाजनी हाय. आईंनी तुमच्यासाटी ठिवल्याली. तुमच्याकडंच तळायची म्हनत व्हत्या. हितं तर कढई न्हाई चढत, तवा तुमी तळा." आणि पिशवीचे बंद सारखे करताना, अगदी सहज, "रंग झाला का, ताई?"

म्हटलं, "हो. झाला. पिवळा दिलाय."

"बरं झालं," ती म्हणाली.

परतीच्या एसटीत डबा मांडीवर होता. म्हणजे तिला माहीत होतं. फोन तिचा, नंबर तिनं लावलेला, बांगडी तिची वाजलेली. नदीवर कावळा खाली येत नव्हता तेव्हाही माहीत होतं. तात्या विचारत होते, कुणाला ठाऊक असेल तर बोला — आणि ती पानं धरून उभी राहिली. मी तिच्यावर ते वाक्य टाकलं तेव्हा तिनं एक शब्द बोलायचा होता. 'रंग.' बास झाला असता. का बोलली नाही?

एवढी वर्षं मी हेच उकरत बसलेय. राखून ठेवलंय का तिनं, वेळ आल्यावर काढायला? दत्ताला सांगितलं असेल? की दत्ताला सांगायचं नाही म्हणूनच गप्प राहिली — ताईला अंतर देणार नाही, असं तो नुकताच बोलला होता म्हणून? सगळे डाव मी तपासून पाहिले. तिनं माझी लाज राखली, एवढी एकच गोष्ट मला कधी खरी वाटेना.

भाजणी मी तळली नाही. घरी येऊन डबा उघडला, वास घेतला. ही शालननंच भाजली नसेल ना, मला खिजवायला, असंही वाटलं. पण आई धने जरा जास्तच भाजायची, करपायच्या बेतात आणायची, आणि तोच वास होता. झाकण लावून डबा माळ्यावर टाकला. उन्हाळ्यात काढला तेव्हा पिठाला जाळी धरली होती. घंटागाडीत ओतला. त्याआधीच कधीतरी शालननं फोनवर विचारलं होतं, चकल्या कशा झाल्या. मी म्हटलं होतं, "खुसखुशीत. आईच्या हातच्यासारख्या."

तेव्हापासून दर भाऊबीजेला दत्ता येतो आणि शालनच्या चकल्या आणतो. पहिली चकली मी मोडून बघते. काय बघते, ते मला सांगता येणार नाही.

इथं थांबले असते तर जुनी गोष्ट म्हणून खपली असती. पण पल्लवी आता लग्नाची झालीय. सारोळ्याकडचं एक स्थळ चालून आलं — चांगली माणसं, हायवेला दुकान. त्यांनी मुलगी पाहिली, पसंत केली. दसऱ्याच्या सुमारास मला फोन आला, मुलाच्या आईचा.

"मुलगी आवडलीय हो आम्हाला. पण कानावर आलं, त्या घरात म्हातारीचे हाल झाले शेवटी. उपाशी ठेवायची म्हणे सून. आईचं वळण मुलीत येतंच की. तुम्ही पोटची लेक, तुमच्याइतकं खरं कोण सांगणार?"

माझं वाक्य होतं ते. फिरून, दुसऱ्याच बाईच्या तोंडून, माझ्याकडंच विचारायला आलेलं. आणि मी काय म्हणाले असेन? नुसतं 'खोटं आहे' म्हटलं असतं तर त्या विचारणार, मग उठवलं कुणी. मला लगेच असंही वाटून गेलं, की ह्यांना शालननंच फोन करायला सांगितलं असेल का, माझी परीक्षा बघायला.

"जुन्या गोष्टी आहेत. मी इकडं भोरला. मला काय माहीत?" असं म्हणाले.

दिवाळीच्या तोंडावर दत्ताचा फोन आला. "पत्रिका जुळंना म्हनं, ताई. जाऊ दे, दुसरं बगू." त्याच्या मागं कुणीतरी उभं होतं. बांगडी वाजली.

आज वसुबारस आहे. खाली पोरं टिकल्या फोडतायत, भिंतीचा पिवळा रंग आता सुटायला आलाय, आणि शालनच्या घरात चकल्या तळून झाल्या असतील. सारोळ्याचा नंबर माझ्या मोबाईलमध्ये आहे. मी लावलेला नाही.

त्या दिवशी नदीवर जे मनातसुद्धा पुरं होऊ दिलं नाही, ते लिहिते.

शालननं आईला उपाशी ठेवलं नाही. शेवटी आईला घास गिळायला जड जायचा, तेव्हा ती मऊ भात कालवून भरवायची. मी डोळ्यांनी पाहिलं होतं. आईला दिवाळीला माझ्याकडं यायचं होतं. तिनं विचारलं. मी नको म्हणाले.