पदरचं एक वाक्य

दुर्गशेजारच्या स्टील प्लांटच्या कॅम्प-१ वस्तीत, कापगत्यांच्या घरात भांडण पेटलं ते एका शब्दावरून, आणि तो शब्द होता पीरियड.

झालं असं की कापगत्यांची सून शिल्पा मेडिकल ट्रान्सक्रिप्शन शिकत होती. म्हणजे काय, तर तिकडे अमेरिकेत डॉक्टर पेशंट तपासून झाला की भराभरा बोलून मोकळा होतो. ते बोलणं हिने कानाला हेडफोन लावून ऐकायचं आणि टाइप करायचं. आजकाल मशीन आधी कच्चं लिहून देते म्हणा, पण मशीनला 'नो' आणि 'नाऊ' यातला फरक कळेल तर शपथ! ज्याचं काही दुखत नाही त्याचं आत्ता दुखतंय असं बेधडक छापते. ते निस्तरायला माणूस लागतो. शिल्पाला तो माणूस व्हायचं होतं. क्लास ऑनलाइन, मागच्या खोलीत, तांदळाच्या कोठीशेजारी, नवऱ्याच्या जुन्या लॅपटॉपवर.

आता हे अमेरिकी डॉक्टर वाक्य संपलं की पूर्णविरामाला पीरियड म्हणतात. बोलता बोलता कॉमा, कोलन, पीरियड सगळं तोंडाने सांगतात. आणि शिल्पाची सवय अशी की ऐकलेलं मोठ्याने म्हणत म्हणत टाइप करायची. दिवसभर घरात काय ऐकू यायचं? काहीतरी इंग्रजी गिचमिड, आणि शेवटी पीरियड. परत गिचमिड, परत पीरियड.

सासू रुक्माबाईला इंग्रजी येत नव्हतं, पण हा एवढा शब्द टीव्हीच्या जाहिरातींनी शिकवून ठेवला होता.

"लाज आहे का वो तुले?" ती दारात उभी राहून कडाडली. "सासरा समोर बसून आहे अन् तू सकाळपासून पाळीचा जप करून राहिली!"

सासरे फकिराजी प्लांटच्या रोलिंग मिलमधून रिटायर झालेले. मिलच्या धडधडाटात त्यांचे कान केव्हाच निकामी झाले होते. त्यांना ना पीरियड ऐकू आला ना बायको. ते निवांत शेंगा सोलत होते. पण लाज काय, ज्याला ऐकू येतं त्यालाच वाटायची.

"आई, तो पूर्णविराम आहे," शिल्पा म्हणाली.

"मले शिकवू नको. पूर्णविराम तुह्या तोंडाले लावा लागते."

खोटं कशाला बोला, रुक्माबाई कामाला वाघ होती. पण जिभेला हाड नाही, आणि सून म्हणजे तिच्या लेखी फुकटची जात्यात पडलेली ज्वारी. शिल्पा पायाखाली पेडल ठेवायची. ते दाबलं की आवाज मागे जायचा, सोडलं की पुढे. रुक्माबाई बायांना सांगे, "शिलाईची मशीन नाही, कापड नाही, नुसता पाय हालवते. डोकंच फिरलं आहे." शिल्पाला या बाईचा मनापासून तिटकारा होता, आणि ती तो लपवत नव्हती.

तरी ती दात-ओठ खाऊन शिकत राहिली, कारण गरज होती. नवरा अंकुर ठेकेदाराकडे कामाला. गेटपास मिळाला तर प्लांटमध्ये काम, नाही मिळाला तर सिविक सेंटरला पोरांसोबत चहा. कोर्सच्या शेवटी एक परीक्षा होती. पास झालं तर तीच कंपनी घरबसल्या काम देणार, नापास झालं तर संपलं, दुसरी संधी नाही. परीक्षा दुपारी बारा वाजता, घरूनच, आणि माइक चालू ठेवायचा. घरात दुसऱ्या कोणाचा आवाज आला तर पेपर बाद.

शिकवणारे सुमेध सर नागपूरचे. त्यांचा एकच धोशा. डॉक्टर शिव्या देऊ दे नाहीतर चुकीचं बोलू दे, तुम्ही जसंच्या तसं लिहायचं. पदरचा एक शब्द घातला की तुम्ही या धंद्याच्या कामाच्या नाही. शिल्पाने हे इतकं अंगी लावलं की एकदा ऐकलेलं वाक्य ती श्वासासकट परत म्हणून दाखवायची. गल्लीत तिचं नावच पडलं, टेपरिकॉर्डर.

आणि इथेच सासू फसली. तिला वाटायचं, कानाला हेडफोन लावले म्हणजे सून ठार बहिरी.

नणंद स्नेहल दुर्गला पद्मनाभपुरात दिलेली. तिला सातवा लागला तेव्हा ती गोदभराईला, म्हणजे डोहाळजेवणाला, माहेरी आली आणि आईसोबत मागच्या खोलीतच तांदूळ निवडत बसली. शिल्पा दोन हातांच्या अंतरावर, पाठमोरी. फाइल तिने केव्हाच थांबवली होती.

"आई, भाभी का पेपर है ना मंगलवार को?" स्नेहल म्हणाली. "गोदभराई मग त्याच दिवशी ठेव."

"त्याच दिवशी ठेवते. पाहू तर खरं, कानाले बोंडं लावून बसते का कढईजवळ बसते."

दोघी खुसखुसल्या. मग गाडी स्नेहलच्या सासूवर, मथुराबाईवर घसरली.

"चहा देते तुही सासू, त कप भरते का नुसता ओला करते, समजत नाही," रुक्माबाई म्हणाली.

"कपाट की चाबी कमरेले बांधून झोपते बुढी."

"स्वतःच्या तेरवीत बी तूप मोजून वाढीन ते बाई!"

तुपाच्या वाक्यावर शिल्पाला हसूच फुटणार होतं. ओठ चावून तिने ते गिळलं. पण मंगळवारचं ऐकून तिच्या अंगाची आग आग झाली.

रात्रीच्या जेवणाला तिने अंकुरला सांगितलं. तो म्हणाला, "घरचं कार्य आहे वो. पेपर पुढच्या खेपेले दे." पुढची खेप नाही हे त्याला दहादा सांगून झालं होतं. सुमेध सरांना विचारलं, तर त्यांच्या हातात काही नव्हतं.

मंगळवारी अंगणात मांडव पडला. हिरवी साडी, फुलांचे दागिने, मधोमध खुर्चीवर स्नेहल. शेजारी मथुराबाई, नवऱ्याच्या ऑफिसरकीचा ताठा अजून मानेत. गल्लीतल्या बाया जमल्या. शिल्पा उजाडल्यापासून वडे तळत होती. बाराला थोडा वेळ राहिला तेव्हा तिने हात धुतले आणि सासूजवळ जाऊन हळूच म्हणाली, "आई, तासभर बायांना शेजारच्या अंगणात बसवता का? माझा पेपर आहे."

रुक्माबाई याचीच वाट पाहत होती. तिने आवाज चढवला. "ऐका वो बाया! पोटुशी पोरगी उठवा अन् जागा खाली करा, आमच्या सुनेले कानाले बोंडं लावून बसायचं आहे!"

मांडव हसला. मथुराबाईही हसली, पदराने तोंड पुसलं आणि म्हणाली, "ते बोंडं लावून ऐकते तरी काय वो एवढं? आमालेबी सांग."

"सांगू?" शिल्पा म्हणाली.

"सांग ना!"

शिल्पा सरळ उभी राहिली, डॉक्टरांच्या त्या सपाट सुरात सुरू झाली, आणि एक अक्षर इकडचं तिकडं केलं नाही.

"स्नेहलताई, कोलन. भाभी का पेपर है ना मंगलवार को, क्वेश्चन मार्क, गोदभराई मग त्याच दिवशी ठेव. पीरियड. आई, कोलन. त्याच दिवशी ठेवते, कॉमा, पाहू तर खरं, कानाले बोंडं लावून बसते का कढईजवळ बसते. पीरियड. नवा पॅरा. चहा देते तुही सासू, कॉमा, त कप भरते का नुसता ओला करते, समजत नाही. पीरियड."

हसणं जागच्या जागी मेलं. रुक्माबाई "अवो, चूप!" म्हणून धावली, पण मथुराबाईने हात आडवा घातला. "बोलू द्या तिले."

शिल्पाने कपाटाची चाबी सांगितली. तेरवीचं तूप सांगितलं. तिथे संपत होतं. तिने सासूकडे पाहिलं. त्या तोंडावर भीती होती आणि भीतीखाली तोच जुना माज होता. शिल्पा थांबली नाही.

"आई, कोलन. पोरगं झालं का बुढीले गावी धाडून देजो, कॉमा, मंग पद्मनाभपूरचं घर तुहंच आहे. पीरियड."

हे कोणी बोललं नव्हतं.

"हे मी नाही बोलली!" रुक्माबाई किंचाळली. "चहाचं बोलली, तुपाचं बोलली, हे नाही बोलली!"

आता काय म्हणावं या बाईला! बाकीचं सगळं स्वतःच्या तोंडाने कबूल करून बसली.

"मम्मीजी, आई सच में असं नाही बोली," स्नेहल रडत म्हणाली.

"अन् चाबीचं? ते तू बोलली ना?"

स्नेहलची मान खाली गेली. मथुराबाई उठली. "चाल. बाळंतपण माह्या घरी होईन. अन् इहीणबाई, तुमी माह्या दारात पाय ठेवायचा नाही. पाहा आता नातवाचं तोंड इथं बसूनच."

स्नेहलला गाडीत घालून ती गेली. बाया वडे न खाताच पांगल्या. अंकुर बहिणीच्या गाडीमागे धावत गेला. रुक्माबाई मांडवात खुर्चीचा दांडा धरून बसून राहिली. शिल्पाने मागच्या खोलीची कडी लावली आणि पेपर दिला. सगळ्या घरात चिटपाखरूही बोलत नव्हतं.

ती पास झाली. काम सुरू झालं, आणि अंकुरच्या गेटपासकडे कोणी डोळे लावून बसेनासं झालं. स्नेहलला मुलगा झाला. अंकुर एकदा पाहून आला, मोबाइलवर फोटो घेऊन आला. रुक्माबाईने डिंकाचे लाडू केले, डबा घेऊन पद्मनाभपूरला गेली. मथुराबाईने फाटकाच्या आतूनच सांगितलं, डबा परत न्या. स्नेहल खिडकीत दिसली, पण बाहेर आली नाही.

त्या दुपारी रुक्माबाई तशीच मागच्या खोलीत आली. डबा हातातच. तिने सुनेच्या कानावरचे हेडफोन स्वतः ओढून काढले.

"ते वाक्य तुहं होतं," ती म्हणाली.

शिल्पाने पेडलवरून पाय काढला. खोटं बोलायचं तिला कारण नव्हतं, आणि खरं सांगू का, तिला हे सासूच्या तोंडावर म्हणायचंच होतं. "हाव. माझंच होतं."

आता तोंडाचा पट्टा सुटेल म्हणून ती तयार होऊन बसली. पण सासू कोठीला टेकून खाली बसली.

"बोलली नव्हती मी," रुक्माबाई म्हणाली. "मनात मात्र तेच होतं. बुढीले गावी धाडायचं, घर पोरीच्या नावानं करायचं. अगदी तेच. तुले कसं समजलं वो?"

रुक्माबाईने डोळे पुसले नाहीत, वाहू दिले. मग तिने आयुष्यात पहिल्यांदा सुनेपुढे हात जोडले.

"एक डाव मथुराबाईकडे जा. सांग का ते तू बोलली, मी नाही. तुहं ऐकतीन ते. मले पोराले एकदा मांडीवर घेऊ दे."

"जाते ना," शिल्पा म्हणाली. "आत्ता जाते. पण मंग आत्ता जे बोलल्या तेबी सांगीन. मनातलं. सगळं."

रुक्माबाईने डबा उचलला आणि ती उठली.

"राहू दे," ती म्हणाली, आणि दार ओढून घेत निघून गेली.