पावणं सर

फिजिक्सच्या तासाला उशीर झाला, तर आमचे सर रागवायचे नाहीत, पाहुणचार करायचे. दारात घुटमळणाऱ्याला "या पावणं" म्हणून हात जोडायचे, अख्ख्या वर्गाला उठून उभं राहायला लावायचे, त्याला स्वतःच्या खुर्चीवर बसवायचे आणि तांब्याभांडं पुढं करायचे. मग घरचं कसं काय, पाऊसपाणी कसं, अशी सगळी विचारपूस. उरलेला तास पावण्यांनी वर्गाकडं तोंड करून त्या खुर्चीवर बसायचं आणि सरांनी उभ्यानं शिकवायचं. हा मान एकदा मिळालेला मुलगा दुसऱ्या दिवशी कॉलेज उघडायच्या आधी फाटकाशी हजर असायचा. सर शिवाजी पेठेतले. आवाज फुटबॉलच्या मॅच बघून कमावलेला, त्यामुळं हे स्वागत शेजारच्या वर्गालाही ऐकू जायचं. त्यांचं खरं नाव फक्त वेळापत्रकात होतं, आमच्या तोंडी ते पावणं सरच.

शिकवायचे झकास. चित्रकलेच्या नावानं मात्र आनंदीआनंद होता. कप्पी काढायला घेतली की फळ्यावर बटाटा उमटायचा. कुणी हसलंच, तर म्हणायचे, "गोल कंपासनं काढायचा असतोय. माझ्याकडनं फिजिक्स घ्या."

मी अकरावीला कोडोलीहून यायचे. सकाळी म्हशीची धार, मग डेअरीला दूध, मग एसटी, आणि ती तिच्या मर्जीनं. आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, आधीच बजावलं होतं की जमलं तर ठीक, नाहीतर गावातच आर्ट्सला जायचं. मला सायन्स सोडायचं नव्हतं. पहिल्यांदा उशीर झाला आणि सरांनी हात जोडले, तेव्हा ही शिक्षा आहे हे मला कुठं ठाऊक? आमच्या घरी पाहुण्याचं असंच करतात. मी खुर्चीवर ऐसपैस बसले, पाणी प्याले, म्हैस कधी व्याली इथपासून आबांच्या कंबरेपर्यंत सगळं सांगितलं आणि रीतीप्रमाणे उलट विचारलं, "तुमी च्या घेतला काय, सर?"

वर्ग हसून आडवा झाला. सर मात्र गंभीर चेहऱ्यानं म्हणाले, "घेतला की."

असं बरेच दिवस चाललं. शहरातली माणसं किती अगत्याची, असं मी घरीही कौतुकानं सांगत होते. शेवटी बाकावरच्या मैत्रिणीला राहवलं नाही आणि तिनं मला खरा प्रकार सांगितला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. दुसऱ्या दिवशी पुन्हा एसटी उशिरा आली. व्हरांड्यातच सरांचा आवाज कानावर पडला आणि मी तशीच मागं फिरले. घरी येऊन सांगितलं, मला सायन्स जमणार नाही. कारण काही सांगितलं नाही.

आबा पुढच्याच दिवशी मला घेऊन कॉलेजात निघाले. एसटीनं आम्हा दोघांनाही उशीर केला. सरांनी दारातच हात जोडले, वर्ग उभा राहिला, माझे पाय उंबऱ्यापाशी रुतले. सरांनी आबांना खुर्ची दिली, पाणी दिलं. आबांनी टॉवेलनं तोंड पुसलं आणि सरळ मुद्द्यावर आले. "मास्तर, हिला न्हाय जमायचं म्हणतीया. दाखला द्या, गावात आर्ट्सला घालतो."

सरांनी माझ्याकडं पाहिलं. इतके दिवस मी खुर्चीवर बसून जे काही सांगितलं होतं, ते त्यांनी नीट ऐकलं होतं, हे मला तेव्हा कळलं.

"दाखला कशाला?" ते आबांना म्हणाले. "अवो, पावणं कवातरी येतंय. ही धार काढून, दूध घालून एवढ्या लांबनं रोज येती. ही घरची हाय." मग माझ्याकडं वळले. "घरच्याला कोण पाणी इचारतंय? जा, जाग्यावर बस."

मी जाऊन बसले आणि वहीत तोंड घालून रडले. आबा मात्र खुर्चीवरून उठलेच नाहीत. टोपी मांडीवर ठेवून तास संपेपर्यंत कप्पी ऐकत बसले. परतताना एसटीत म्हणाले, "मास्तर ब्येस हाय. चित्र तेवढं बिघाडलं." दाखल्याचा विषय आमच्या घरात पुन्हा निघाला नाही. त्यानंतर मी कधीही पोचले, तरी सर बोलता बोलता फळ्यासमोरून थोडे बाजूला सरकायचे, मला जायला वाट द्यायचे आणि वाक्य पुढं चालू ठेवायचे.

आता मी मंगळवार पेठेतल्या एका ज्युनिअर कॉलेजात फिजिक्स शिकवते. उशिरा येणाऱ्याला खुर्ची आणि पाणी द्यायची पद्धत मीही ठेवली आहे, पण तो कुठून आणि काय करून येतो, तेही ऐकून घेते. सर निवृत्त झालेत. परवा मी त्यांना एक तास घ्यायला बोलावलं. गुडघ्यांमुळं जिना चढायला वेळ लागला आणि तास सुरू झाल्यावर ते दारात आले. माझी पोरं तयारीचीच. सगळी उभी राहिली, एकीनं पाण्याची बाटली उचलली, एकानं खुर्ची ओढली.

सर चौकटीला धरून हसले. "बघ, आता आमीच पावणं झालो."

रोज वर्गात तोंड उघडलं की माझ्या आवाजात हेच गृहस्थ बोलतात. ते कसले पाहुणे? मी पोरांना खाली बसवलं, खडू घेतला आणि सरांच्या हातात दिला.

"घरच्याला कोण पाणी इचारतंय, सर?"

सरांनी डोळे पुसले नाहीत की काही नाही. फळ्याकडं वळले आणि पोरांसाठी एक भलामोठा बटाटा काढला.