तुझ्याच हातचं घेतो

फोन आला तेव्हा मी तलासरीच्या घरी दूध तापत ठेवलं होतं. पलीकडे शालूवहिनी. "कुंदा, हे गेले गो…" एवढंच म्हणाली. दूध उतू गेलं, आणि माझ्या मनात पहिला विचार आला तो हा, की वहिनीला सांगायचं राहूनच गेलं. दुःख नंतर आलं, आधी भीती आली. त्याला आता सहा आठवडे झाले. माझ्या मोहनदादाबद्दल लोकांचं बोलून झालं. मसोलीतला चांगला बागायतदार, शेवटी डोकं फिरलं बिचाऱ्याचं, सुटला एकदाचा. आणि वहिनी पाठमोरी झाली की हलक्या आवाजात आणखी एक वाक्य. त्या वाक्यासाठी मी हे लिहायला बसले आहे.

दादा माझ्याहून आठ वर्षांनी मोठा. वडिलांच्या मागे डहाणूजवळची, मसोलीतली चिकूची वाडी त्यानेच सांभाळली. झाडाखालून जाताना हाताला लागेल त्या चिकूवर अंगठ्याचं नख हलकेच ओढायचा. सालीखाली हिरवं दिसलं तर फळ अजून कच्चं, झाडालाच राहू द्यायचं. या सवयीमुळे त्याचा अंगठा कायम तपकिरी असायचा, लग्नाच्या फोटोतसुद्धा तसाच आहे. मी तलासरीला शाळेत विज्ञान शिकवायचे, त्याची त्याला भारी मजा वाटे. घरात पंखा बंद पडला तरी म्हणायचा, "थांबा, शास्त्रज्ञीणबाईंना येऊ द्या." चिडवायचा, पण पाहुण्यांसमोर माझं कौतुक करताना थांबायचा नाही. धाकट्या बहिणीच्या हुशारीवर त्याचा आंधळा विश्वास होता. आंधळा हा शब्द मी आज मुद्दाम वापरते आहे.

चारेक वर्षांपूर्वी त्याचे गुडघे गेले. शिडीवर चढता येईना, बसलेला माणूस उठताना "आई गं" म्हणून ओरडायचा. डॉक्टरांनी ऑपरेशन सांगितलं तेव्हा याने दोन्ही कानांना हात लावले. माझ्या शाळेतल्या एका बाईंनी मला हद्दीपलीकडचा, गुजरातेतला एक पुडीवाला सांगितला. मी गेले. कपाळाला गंध, समोर बरण्या, आवाज मधाळ. "बेन, सात दिवसमां तो दोडशे," म्हणाला, सात दिवसांत पळायला लागतील. वहीच्या कागदात बांधलेल्या भुरकट पुड्या, रोज सकाळी एक, कोमट पाण्याबरोबर. आणि खरंच, आठव्या दिवशी दादा शिडीवर! वाडीत काम करणाऱ्या बायका टाळ्या पिटत होत्या आणि मी अशी उभी होते की जणू औषध मीच शोधून काढलं. त्यानंतर महिन्याच्या पहिल्या शनिवारी पुड्या घेऊन मसोलीला जायचं हे ठरूनच गेलं. मी यायच्या वेळेला दादा वाडीकडच्या खिडकीत स्टीलचं फुलपात्र भरून ठेवायचा आणि नव्या जुडीतली पहिली पुडी माझ्यासमोर घ्यायचा. त्याचा चेहरा गोल झाला, गाल वर आले. आम्ही म्हटलं, दुखणं गेलं, खाणं अंगी लागलं. जरा कुठे लागलं तरी कातडी काळीनिळी व्हायची. त्यावर म्हटलं, वय झालं.

मग मोजणीचं प्रकरण सुरू झालं. आमच्याकडे अलीकडे कुणाची ना कुणाची मोजणी चाललेलीच असते, रस्त्याची, रेल्वेची, वाढवणला बंदर व्हायचं म्हणून तिकडची. कुणाच्या बांधावर दगड रोवलेला दिसतो, कुणाच्या डोक्यावर ड्रोन घरघरतो. त्यामुळे दादा म्हणाला, "आपली झाडं मोजतायत," तेव्हा आम्ही सगळ्यांनी माना डोलावल्या. अख्खा गाव तेच बोलत होता. दादाचं वेड गावाच्या खऱ्या भीतीत असं मिसळून गेलं की सुरुवात कुठे झाली ते आम्हाला कळलंच नाही. कळलं ते त्याने एका झाडाची मुळं उघडी केली तेव्हा. आत तार टाकली आहे म्हणाला, ती आपल्या घरातलं बोलणं पलीकडे नेते. झोप उडाली. बोलायला लागला की शब्दावर शब्द. एका दुपारी त्याने हात पोचेल तिथवरचे कोवळे चिकू एकेक करून नखाने सोलवटून टाकले. "आत काय घातलंय ते बघतो," म्हणाला. आणि मग एक दिवस म्हणाला, "मला काहीतरी घालतायत. जेवणातून घालतायत."

जेवण करणारी होती वहिनी. पस्तीस वर्षांचा संसार, आणि हा माणूस तिच्यासमोर ताट सरकवायला लागला. ती बिचारी आधी स्वतः घास खाऊन दाखवायची, "अहो, बघा ना, मी खाल्लं," म्हणायची. तो नुसता बघत राहायचा. बाजारात, चिकू भरायला येणाऱ्या टेम्पोवाल्याकडे, जो भेटेल त्याच्याकडे त्याने हे सांगितलं. वेड्याचं बोलणं म्हणून लोकांनी सोडून दिलं असं वाटतं खरं, पण लोक काहीच सोडून देत नाहीत. आग असल्याशिवाय धूर निघत नाही, हे ते वाक्य, वहिनीच्या ओटीवर बसून, तिच्याच हातचा चहा पिऊन लोक बोलले आहेत.

मानसोपचार डॉक्टरांकडे त्याला मीच नेलं. डॉक्टर चांगले होते, घाईत नव्हते. म्हणाले, "साठी उलटल्यावर पहिल्यांदाच असा सायकोसिस, घरात कुणाला नाही… हे नेहमीचं नाही. कारण शरीरातही असू शकतं. यांना कुठलं औषध चालू आहे का? साखरेचं, दाबाचं, दुखण्याचं?" मी म्हणाले, "छे हो डॉक्टर, दादाने जन्मात गोळी घेतली नाही." जरा अभिमानानेच म्हणाले. त्या वेळी माझ्या पर्समध्ये नव्या पुड्यांची जुडी होती. मी खोटं बोलले नाही, यावर कोण विश्वास ठेवेल? आमच्या भागात औषध म्हणजे जे मेडिकलमधून येतं, चांदीच्या पट्टीत असतं, ज्याला चिठ्ठी लागते ते. पुडी म्हणजे झाडपाला. ती औषधात धरतच नाहीत, आल्याचा काढा कुणी धरतं का? त्या खुर्चीत बोर्डीपासून वाणगावपर्यंतचं कुणीही बसलं असतं तरी हेच उत्तर मिळालं असतं. पण त्यांतल्या कुणीही आयुष्यभर मुलांना विज्ञान शिकवलेलं नव्हतं. मी शिकवलं होतं. माझ्या शेजारी बसून दादा डॉक्टरांना हात जोडून सांगत होता, "साहेब, माझ्या अंगात काहीतरी घालतायत. तपासा तुम्ही." डॉक्टरांनी ते लक्षणांमध्ये लिहून घेतलं, मी पदराने डोळे टिपले. त्या खोलीत खरं बोलत होता तो एकटा दादा.

रक्त तपासलं, डोक्याचा फोटो काढला, कशात काही निघालं नाही. गोळ्या सुरू झाल्या. त्याही तो वहिनीच्या हातून घेईना. मी गेले की मात्र लहान मुलासारखा तळवा पुढे करायचा. "बायो, मी तुझ्याच हातचं घेतो." मग मी दर शनिवारी जाऊन आठवड्याच्या गोळ्या त्याच्या हाती मोजून द्यायला लागले. गुडघे पुन्हा कुरकुरायला लागले तेव्हा पुडीवाला म्हणाला, दोन द्या. मी दोन केल्या. तो निमूटपणे घ्यायचा, फुलपात्र रिकामं करून खिडकीत उपडं ठेवायचा आणि माझ्या डोक्यावरून हात फिरवायचा. ज्याला सगळ्या जगाचा संशय येत होता त्याला माझा कधीच आला नाही.

पुढे पुडीवाल्याच्या दुकानाला कुलूप लागलं. कुठे गेला कुणाला ठाऊक नव्हतं. मी म्हटलं, जाऊ दे, नाहीतरी गोळ्या चालूच आहेत. दहा-बारा दिवसांत दादाने अंथरूण धरलं. उलट्या, अंगात त्राण नाही, बसवलं की डोळे फिरवायचा. दवाखान्यात एका तरुण डॉक्टरबाईंनी त्याचा गोल चेहरा पाहिला, पोटावरचे जांभळट वळ पाहिले आणि मला बाजूला घेतलं. वहिनी तेव्हा केसपेपर काढायला गेली होती. "मावशी, हे पुडी वगैरे काही घेत होते का?" पहिल्यांदा कुणीतरी त्या शब्दात विचारलं होतं… मी सांगितलं. बाईंनी क्षणभर डोळे मिटले. मग समजावलं, की अशा पुड्यांत बरेचदा स्टेरॉइड मिसळलेलं असतं. त्याने दुखणं पळतं, तोंड सुजतं, आणि एखाद्याचं डोकं असं बिघडतं की वेड लागल्यासारखंच दिसतं. वर्षानुवर्षं घेतलं की शरीर ते स्वतः बनवायचं सोडून देतं, आणि मग एकाएकी बंद केलं की माणूस कोसळतो. म्हणजे घातलंही मीच, आणि तोडलंही मीच. बाईंनी लगेच इंजेक्शनं सुरू केली. "उशीर झालाय, पण बघू," म्हणाल्या. संध्याकाळी मी तलासरीला परतले, आणि सकाळी तो फोन.

तेराव्याला वहिनी मला म्हणाली, "कुंदा, तांब्याच्या भांड्याला कल्हई नव्हती गो मध्यंतरी… त्यातून काही उतरलं असेल का?" मी तिच्या पानात वरण वाढलं आणि काही नसेल गं म्हणाले. इतकी मी भेकड. म्हणून मग लिहून काढलं, कारण तोंडाने बोलायची हिंमत नव्हती. आणि परवा हे कागद घेऊन मसोलीला गेले. जे आधी वहिनीने ऐकलं नाही ते छापायचं नाही, एवढं तरी ठरवलं होतं.

खिडकीत फुलपात्र होतं. ती अजून रोज घासते. मी वाचत गेले, ती वाडीकडे बघत राहिली. मला वाटलं होतं ती रडेल, मला शिव्या देईल, निदान तिच्यावरचं किटाळ तरी उतरेल. ती म्हणाली, "म्हणजे ते खरं सांगत होते. रोज सांगत होते… आणि मी त्यांची समजूत घालत होते, की असं काही नसतं." माझ्याकडे न बघताच पुढे म्हणाली, "छापायला दे. लोकांना कळू दे." मग तिला हुंदका आला, तो थांबेना. मी उठले, माठातलं पाणी फुलपात्रात भरलं आणि तिच्यापुढे धरलं.

तिने फुलपात्राकडे पाहिलं, मग माझ्या हाताकडे.

"खिडकीत ठेव," म्हणाली.

मी ते खिडकीत ठेवलं.