काका, खाली म्हणजे कुठं?

मंडळी, आज एका साध्या शब्दानं माझी फजिती केली.

मी धंदेवाल्यांना ईमेल सर्व्हर बसवून देतो. आमच्या शहरातल्या राइट टाउन भागात पाण्याच्या पंपांचं दुकान चालवणाऱ्या काकांना फोनवर विचारलं होतं, मेल किती येते? ते म्हणाले, "मेल तर खालीच राहते." मला वाटलं हिंदीतलं खाली, म्हणजे रिकामं. मी सगळ्यात छोटी, एका माणसापुरती सर्व्हरची एडिशन सुचवून मोकळा झालो.

आज वरच्या मजल्यावर काकांचा इनबॉक्स उघडला. खरंच रिकामा.

"मग ऑर्डरी कुठं येऊन राहिल्या, काका?"

"अरे बाबू, सांगितलं नं, खाली!" काकांनी जिन्याकडे बोट दाखवलं.

आम्ही खाली आलो, तर काउंटरवर त्यांची सून गिऱ्हाईक सांभाळत मेलला उत्तरं देऊन राहिली होती. सगळी मेल तिच्या स्वतःच्या आयडीवर.

ती म्हणाली, "बाबा, पुढच्या महिन्यात मी बाळंतपणाला नागपूरला चालली. मग हे कोण पाहीन?"

काका माझ्याकडे वळले. म्हणाले, "चलो, सगळ्यांना दिसेल अशी मोठीवाली टाका." आणि खुर्ची ओढून सुनेजवळ बसले. "दाखव बेटा, कसं करते तू."

तुमच्याकडे असं काही ठरवताना खाली बसलेल्या माणसाला कोणी विचारतं का हो?