साक्षीचा कोपरा आणि विहारातला फळा

धावड्याच्या साक्षी साळवेला चारचौघांत बसून अभ्यास करणं म्हणजे वेळेचं वाटोळं वाटे. भोकरदनच्या कॉलेजात ती बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला. आधीच दोन विषय अडकलेले. रसायनशास्त्रही गेलं तर तिसऱ्या वर्षात पाऊल नाही. म्हणून तिनं घरात कोठीमागचा कोपरा धरला आणि तिथूनच आधी पास झालेल्या मावसभाऊ राजानंदच्या जुन्या वह्या घोकायला घेतल्या. बस चुकली, तास बुडाला, तरी फिकीर नाही. वह्या आहेत की!

गावातल्या बुद्धविहारात रोज संध्याकाळी तिच्याच वर्गातले प्रीती आणि संघपाल अभ्यासाला बसत. तिथं अभ्यास कमी न् गप्पा जास्त, असं साक्षी म्हणे. ते काही खोटं नव्हतं.

परीक्षेला बारा दिवस उरले असताना आईनं तिला विहारात मेणबत्त्या द्यायला धाडलं. फळ्यावर रसायनशास्त्राच्या पाच प्रकरणांची यादी होती. त्यातली दोन साक्षीनं जन्मात पाहिली नव्हती.

"अभ्यासक्रम बदलला ना औंदा," प्रीती म्हणाली. "तू कोणता करून राह्यलीस?"

"राजादादाचा," संघपालनं परस्पर सांगून टाकलं. "त्याचीच परीक्षा परत देऊन राह्यली ही."

साक्षी तडक घरी गेली, रडली, आणि दुसऱ्या दिवशी विहारात हजर झाली. तिथला रिवाज असा, की येईल त्यानं फळ्यापाशी उभं राहून शिकवायचं. साक्षीनं पाठ केलेलं धडाधड ओतलं. प्रीतीनं मध्येच विचारलं, असं का होतं? साक्षीनं पाठ केलेलं तेच वाक्य पुन्हा म्हटलं. घोकताना 'का' कुणी विचारलंच नव्हतं.

मग प्रीतीची पाळी आली, तर बाईसाहेबांनी पुस्तकच उघडलेलं नाही! आता साक्षीला गप्प बसवेना.

"उद्यापासून जो घरी एकट्यानं वाचून येणार न्हाई, त्यानं विहार झाडायचा. मंग गप्पा."

प्रीतीनं तीन दिवस झाडलं. चौथ्या दिवशी ती वाचून आली, तेव्हा झाडू न वाचता आलेल्या संघपालच्या हाती गेला. साक्षीचा सकाळचा कोपरा मात्र सुटला नाही. तिथं वाचलेलं संध्याकाळी फळ्यावर टिकतं का, एवढंच ती बघे.

तिघंही पास झाली. साक्षीला गुण काही डोळे दिपवणारे नव्हते, पण तिसरं वर्ष हाती आलं. राजानंदच्या वह्या तिनं परत केल्या, त्याही प्रत्येक वहीवर अभ्यासक्रम कोणत्या सालचा ते जाड पेनानं लिहून.