मोघे सरांनी बांधलेला संघ

लिहिण्याआधी माफी मागतो. आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिलाच. माझी पत्रं वडील अजूनही शेजारच्या मास्तरांकडून वाचून घेतात. अशा घरातल्या मुलानं मोघे सरांसारख्या मोठ्या हुद्द्यावरच्या माणसाबद्दल लिहावं, आणि तेही चांगलं लिहू नये, हा आगाऊपणा वाटेल. मराठी मंडळाच्या अंकासाठी आठवणीतल्या माणसावर लिहायला सांगितलं, तेव्हा आधी शाळेतल्या बाई डोळ्यांपुढे आल्या. पण मला राहून राहून आठवतात ते मोघे सर. प्रेमानं आठवत नाहीत, एवढंच.

त्यांची पहिली भेट इथं नेदरलँड्समध्ये, आर्नहेमच्या गणपतीत झाली. हात मिळवताना सर समोरच्याकडे बघत नसत. त्याच्या पाठीमागे कुणी जास्त महत्त्वाचं उभं आहे का, ते बघत. माझ्या मागे भिंत होती, म्हणून माझ्या वाट्याला तीन वाक्यं आली. "सोनवणे का? शनिवारी मॅचला ये. फुकट तिकिटं आहेत, खुर्च्या रिकाम्या दिसतात."

मॅच आइस हॉकीची. सरांची कंपनी गावातल्या संघाला पैसे द्यायची, म्हणून तिचं नाव जर्सीवर होतं, आणि कंपनीनं क्लबच्या समितीवर सरांना पाठवलं होतं. त्याआधी सरांनी बर्फ फक्त सरबतात पाहिला होता, असं त्यांच्याच ऑफिसातले लोक म्हणत. सरांना त्याची फिकीर नव्हती. "मला खेळ कळायची गरज नाही," ते सांगायचे, "मला माणसं कळतात."

पहिल्याच सामन्यात ती किती कळतात ते दिसलं. या खेळात जीव तोडून पळावं लागतं, म्हणून खेळाडू मिनिटभर खेळून बाकावर येतात आणि ताजे खेळाडू आत जातात. माझ्यासारख्या खेड्यातल्या पोरालाही मध्यंतरापर्यंत ते उमगलं. सर मात्र संतापले. "बघ, बघ! मिनिटभर खेळला की बसतो लेकाचा! आमच्याकडे असा बसला असता तर दुसऱ्या दिवशी घरी." नंतर कॅन्टीनमध्ये प्रशिक्षकानं त्यांना कागदावर बाण काढून समजावलं. सरांनी मान हलवली आणि पुढच्या आठवड्यात सगळ्यात जास्त वेळा बाकावर येणाऱ्या फिनलंडच्या मुलाला काढून टाकलं. संघातला सगळ्यात वेगानं पळणारा तोच होता.

मग ती रीतच पडली. संघ हरायचा, सर कुणाला तरी काढायचे, नवा यायचा, संघ पुन्हा हरायचा. काढण्याला ते 'रिलीज करणं' म्हणत, जणू पिंजऱ्यातला पक्षी सोडतायत. चेक प्रजासत्ताकाचे दोन बचावपटू गेले, एक कॅनडाचा गेला, त्याच्या जागी आलेला नाताळपर्यंतही टिकला नाही. ड्रेसिंग रूममध्ये मुलं एकमेकांना नावानं हाक मारायच्या आधी पाठीवरचा नंबर बघायला लागली. समितीतल्या डच लोकांना जर्सीमागचे कंपनीचे पैसे हवे होते, म्हणून ते गप्प बसले. मला त्यांचीही कीव येते, पण मोघे सरांइतकी नाही.

सगळ्या उलथापालथीत टिकला होता तो गोलकीपर हेंक. याच बर्फाच्या रिंकवर लहानाचा मोठा झालेला, वयानं सगळ्यांत थोरला. हा हंगाम संपला की खेळणं थांबवणार, हे त्यानं आधीच सांगितलं होतं. त्याची आई रिंकभोवतीच्या काचेला लागून पहिल्या रांगेत गुडघ्यांवर घोंगडी घेऊन बसायची. सामना संपला की, जिंको वा हरो, सगळा संघ रांगेनं हेंककडे जायचा आणि एकेक जण स्टिकनं त्याच्या पायाच्या पॅडवर थाप मारायचा. मला ते फार आवडायचं.

"हरल्यावर कसली आरती ओवाळतायत?" सर म्हणायचे. "आणि हा गोलकीपर आहे की टोलनाका? टोलनाक्यावर निदान थांबतात तरी!" त्यांच्यासोबत मॅचला येणाऱ्या आम्हा मराठी पोरांना हसावं लागायचं. गाडी त्यांची असायची.

हंगामाचे थोडे सामने उरले असताना सरांनी हेंकला कॅन्टीनमध्ये बोलावलं. आम्ही शेजारच्याच टेबलावर होतो. हेंकचे केस अजून ओले होते.

"आम्ही तरुण गोलकीपर आणतोय," सर इंग्रजीत म्हणाले.

"आणा की," हेंक म्हणाला. "पण मला शेवटचा सामना इथं उभं राहू द्या. आई येते. मग मी आपणहून जातोच आहे."

"भावनांवर प्रोजेक्ट चालत नाहीत, हेंक." आणि आमच्याकडे वळून मराठीत, "शिका. असं स्पष्ट बोलता आलं पाहिजे." समोरच्या माणसाला न कळणाऱ्या भाषेत त्याच्या अपमानाचा धडा देणारा माणूस मी त्याआधी पाहिला नव्हता.

शेवटचा सामना संघ वाईट हरला. नवा गोलकीपर बिचारा गोंधळून गेला होता. मोघे सर पहिल्या रांगेत, मी त्यांच्या शेजारी, आणि दोन खुर्च्या सोडून हेंक, साध्या स्वेटरमध्ये, आईजवळ. शिट्टी झाली. मुलांनी आधी त्या नव्या पोराच्या पॅडवर थापा दिल्या. मग सगळी रांग वळली आणि सरळ आमच्याकडे यायला लागली.

सर उठले. कोटाचं बटण लावलं. "बघ सोनवणे, हरले तरी मॅनेजरला मानतात," असं म्हणत त्यांनी हात वर केला. रांग त्यांच्यासमोरून तशीच पुढे गेली. मुलं हेंकसमोर थांबली आणि एकेकानं काचेवर स्टिक वाजवली. हेंकनं काचेला तळहात लावून ठेवला होता. त्याची आई घोंगडी सावरत उभी राहिली. सरांचा हात बराच वेळ वर होता. नंतर त्यांनी त्याच हातानं केस नीट केले.

पुढच्या हंगामात कंपनीनं जर्सी सोडली आणि सरांना पुण्याला परत बोलावलं. मला वाटलं, विषय संपला.

गेल्या आठवड्यात धाकट्या भावाचा धुळ्याहून फोन आला. आवाजात नुसता उत्साह.

"दादा, तुमच्या नेदरलँड्सचे मोघे सर आले होते कॉलेजात! 'संघ कसा बांधावा' यावर बोलले. काय बोलले, दादा!"

"काय बोलले?"

"शेवटची मॅच हरले, तरी सगळे खेळाडू रांगेनं सरांपुढे आले म्हणे, आणि एकेकानं काचेवर स्टिक वाजवून मानवंदना दिली. सांगताना सरांचे डोळे भरून आले. आमचे प्राचार्यसुद्धा रडले. तू होतास ना तिथं?"

"होतो," मी म्हणालो. "आणि गोलकीपरचं काय सांगितलं?"

"कोणता गोलकीपर?" धाकट्यानं विचारलं.