व्हिएतनामऐवजी दाना ओली: रद्द सहलीच्या दाव्याची गोष्ट

व्हिएतनामला जायचं ठरलं ते ग्वाल्हेरला, आमच्या हरिशंकरपुरमच्या घरात, मटार सोलताना. आईने हातातली शेंग तशीच ठेवली आणि विचारलं, "मेकाँगला जायला किती दिवस लागतात ग?"

आई एकाहत्तर वर्षांची आहे. गावातल्या लष्कर भागातल्या मुलींच्या एका शाळेत तिने तीस वर्षं भूगोल शिकवला. नदी समुद्राला मिळताना तिचे फाटे कसे फुटतात हे सांगायला ती दरवर्षी फळ्यावर मेकाँग काढायची. सगळे फाटे एका दमात, खडू न उचलता. इतकी वर्षं जगाचा नकाशा शिकवला, पण देशाची हद्द कधी ओलांडली नाही. बाबांचं "पुढच्या वर्षी नक्की" बाबांबरोबरच गेलं. मी कॉलेजच्या ग्रंथालयात नोकरी करते, सुट्टीत हिंडते आणि इथे लिहिते. एवढी हिंडले, पण आईला कुठे नेलं नाही, याची मला त्या मटाराच्या ढिगासमोर लाज वाटली.

तयारी तशी सोपी होती. ग्वाल्हेरहून सकाळच्या गाडीने दिल्ली, तिथून रात्रीचं विमान, हो ची मिन्ह सिटीत चार मुक्काम आणि त्यातले दोन दिवस मेकाँगवर. व्हिसा घरबसल्या मिळाला. आईचा खर्च तिच्या पेन्शनमधून, माझा माझा. प्रवास विम्याचं नाव काढल्यावर आई म्हणाली, "निघायच्या आधीच अभद्र कशाला बोलतेस?" मी तिचं ऐकलं नाही. दोघींचे मिळून साडेचार हजार गेले. अर्जात नाव पासपोर्टवर आहे तसंच लिहा, अशी सूचना होती, ती मी पाळली आणि विषय डोक्यातून काढून टाकला.

निघायला नऊ दिवस होते. मंगळवारी जेवण झाल्यावर आईच्या उजव्या बरगडीखाली कळ आली. संध्याकाळपर्यंत ताप चढला, उलट्या सुरू झाल्या. आम्ही गेलो डॉक्टरकाकांकडे. काका म्हणजे बाबांचे मित्र, माझ्या जन्मापासूनचे आमचे डॉक्टर. दाना ओलीत त्यांचं बारा खाटांचं छोटं हॉस्पिटल आहे. गल्ली इतकी अरुंद की गाडी तोंडाशीच सोडावी लागते. आईला धरून मी तेवढं अंतर चालवत नेलं तेव्हा व्हिएतनाम मला आठवलंसुद्धा नाही.

काउंटरवरचा कंपाउंडर फॉर्म भरायला माझ्याकडे वळला, तर काकांनी आतूनच सांगितलं, "सुनंदा मोहिते लिही. घरचे लोक आहेत, काय विचारतोस?" पित्ताशयात खडे आणि त्याला संसर्ग. तीन दिवस ठेवून घेतलं, ऑपरेशन नंतर करायचं ठरलं. काकांनी निक्षून सांगितलं, "सुनंदावहिनी, हवाई जहाज बिल्कुल नाही. दोन महिने तरी नाही." आई भिंतीकडे तोंड करून पडली.

आता कामाचं, कारण हे वाचणाऱ्यांतल्या कुणाला तरी उद्या लागेल. तिकीट रद्द करण्याआधी मी विमा कंपनीला फोन केला आणि त्या फोनचा नोंद क्रमांक लिहून घेतला. 'या तारखेपासून प्रवासास अपात्र' असं काकांकडून सही-शिक्क्यानिशी लिहून घेतलं. तोंडी सल्ल्याला कंपनीत किंमत नाही. मग विमान आणि हॉटेल रद्द केलं, किती कापले आणि किती परत येणार याचे कागद मागवले. डिस्चार्ज कार्ड, सोनोग्राफी, रक्ताचे रिपोर्ट, सगळं स्कॅन करून पाठवलं. माझ्यासारखी व्यवस्थित बाई लष्कर भागात दुसरी नसेल, असं मला वाटत होतं.

आईने मात्र त्याच दिवशी सांगून टाकलं, "पैसे परत आले तर जाईन. नाही आले तर पुन्हा साठवायची उमेद नाही माझी. मग नको." ती बोलली की बोलली, हे आमच्या घरात सगळ्यांना माहीत आहे. म्हणजे माझ्या लेखी तो दावा पैशांचा राहिला नाही. आईचा मेकाँग त्या कागदांत अडकला होता.

ऑपरेशन नीट झालं. ती घरी येऊन वरणभात खायला लागली आणि कंपनीची मेल आली. दावा नामंजूर. मी फोन लावला. पलीकडची मुलगी आवाजाने बरी होती.

"मैडम, पॉलिसी शकुंतला मोहिते जी की है. कागज़ सब सुनंदा मोहिते के हैं. हमने अस्पताल में फ़ोन किया था. उन्होंने कहा, शकुंतला नाम की कोई मरीज भर्ती नहीं हुई."

"अहो, दोन्ही माझी आईच आहे," मी मराठीत बोलून गेले. मग हिंदीत सांगितलं.

"हो सकता है मैडम, पर हमें कैसे पता चलेगा?"

तिचं काय चुकलं? आईचं जन्मनाव शकुंतला. मोहित्यांकडे मोठ्या नणंदेचं नाव शकुंतलाच होतं, म्हणून लग्नात बाबांनी ताटातल्या तांदळात अंगठीने 'सुनंदा' लिहिलं. दाखले शकुंतलाच्या नावाचे, म्हणून नोकरी, पेन्शन आणि पासपोर्टही तिच्याच नावाचे. शाळेत ती 'मोहिते मॅडम' होती. बाकी सगळ्या जगाला ती सुनंदा. स्कॅन करताना प्रत्येक कागदावर 'सुनंदा' वाचलं आणि मला काहीच खटकलं नाही. खटकणार कसं? माझ्या आईचं नाव तेच आहे.

त्या मुलीने उपायही सांगितला: दोन्ही नावं एकाच बाईची असल्याचं शपथपत्र, दोन साक्षीदारांच्या सह्या आणि डॉक्टरांचं दुरुस्तीपत्र. मुदत पंधरा दिवस. लग्नाची नोंदणी तेव्हा कोण करत होतं? लग्नपत्रिकेवर फक्त शकुंतला, रेशनकार्डावर फक्त सुनंदा. दोन्ही नावांचा पुरावा म्हणाल तर ते तांदूळ.

"ते दुसऱ्या दिवशी शिजवले असतील," आई म्हणाली. म्हणजे पुरावा आमच्याच घराण्याने भात करून खाल्ला होता.

शनिवारी आम्ही निघालो. व्हिएतनामसाठी घेतलेले नवे बूट आईने मुद्दाम घातले. माणशी वीस रुपये देऊन ई-रिक्षाने दाना ओलीच्या तोंडाशी उतरलो. काकांनी सगळं ऐकून घेतलं आणि ते चिडले. "मतलब मी खोटा कागद दिला म्हणतात ते? माझ्या माणसाने रजिस्टर बघितलं, नाव नव्हतं, नाही म्हणाला. गलत काय केलं त्याने?"

"कुणीच काही गलत नाही केलं, काका. म्हणून तर अडलंय."

आईने पासपोर्ट टेबलावर ठेवला. काकांनी चष्मा पुसून फोटो पाहिला, मग आईकडे पाहिलं, मग पुन्हा फोटो. "इतकी वर्षं औषध दिलं तुम्हाला, वहिनी, आणि नाव आज कळतंय. तो कधी बोलला नाही." तो म्हणजे बाबा. त्यांचा राग उतरला, पण थोडे दुखावलेले दिसले. त्यांनी दुरुस्तीपत्र लिहिलं, रजिस्टरात लाल शाईने नोंद केली, एक साक्षीदार व्हायचंही कबूल केलं. "पण मी सुनंदाचा साक्षीदार. शकुंतलाला मी ओळखत नाही. तिचा वेगळा आणा."

तिथेच गाडी अडली. आईचे आईवडील कधीच गेले, तिला नुसतं 'ताई' म्हणणारा भाऊही तीन वर्षांपूर्वी गेला. शकुंतलाला ओळखणारं कोण उरलं होतं? आईने पासपोर्ट पर्समध्ये ठेवला. मग उठली, म्हणाली, "चल," आणि गल्लीत आणखी आत शिरली.

आईचं माहेर याच गल्लीत होतं, हे मला माहीत होतं. ते घर विकलं त्याला जमाना झाला. आता तिथे बांगड्यांचं गोदाम आहे. त्याच्या समोरच्या घराच्या दारात उभं राहून तिने हाक मारली, "कुसुमताई आहे का?" वरच्या खिडकीतून एक पांढरं डोकं बाहेर आलं, क्षणभर थांबलं, आणि अख्खी गल्ली वर बघेल अशा आवाजात ओरडलं, "अग बाई, शकू!"

बेचाळीस वर्षांत माझ्या आईला कुणी 'शकू' म्हटलेलं मी ऐकलं नव्हतं. आई हसली. ते हसू माझ्या ओळखीचं नव्हतं. मला एकदम रडू आलं आणि ते लपवायला मी बांगड्यांची खोकी बघत बसले.

कुसुमताई ऐंशीच्या. आईच्या लग्नात करवली म्हणून पाठीशी उभ्या होत्या. "तांदळात नाव लिहिताना मी बघत होते ना! तुझ्या बाबांनी आधी 'सुनदा' लिहिलं, टिंब मी सांगितलं द्यायला," त्या मला म्हणाल्या. "मतलब आधी साक्षीदार मीच. कुठे सही करायची, बोल."

सोमवारी त्यांना आणि काकांना घेऊन महाराज बाड्याच्या चौकाजवळच्या नोटरीकडे गेलो. सकाळी दहाच्या आत पोचलात तर रांग नसते. आम्ही अकराला पोचलो आणि तासभर उभे राहिलो. स्टॅम्प आणि नोटरी मिळून चारशे रुपये लागले. सगळ्यांची मूळ ओळखपत्रं न्या, झेरॉक्सवर भागत नाही. नोटरीने मजकूर टाइप करता करता विचारलं, "अम्मा, इनमें असली नाम कौन-सा है?"

मला वाटलं आई चटकन सांगेल. ती अडखळली. मग म्हणाली, "दोनों असली हैं भैया. एक पे तनख्वाह मिलती थी, एक पे आवाज़ पड़ती थी."

नोटरीने 'उर्फ' घातलं. आईने दोन्ही नावांच्या सह्या केल्या. सुनंदाची सही तिने आयुष्यात फारशी केलेली नसावी, कारण ती शाळेतल्या मुलीसारखी एकेक अक्षर जोडत लिहिली. नंतर आम्ही तिघांनी बाड्यावर बेडई, म्हणजे डाळ भरलेल्या पुऱ्या, आणि बटाट्याची भाजी खाल्ली. आईला तेलकट वर्ज्य, तिने लस्सीवर भागवलं. कुसुमताई आणि काका एकाच गल्लीत राहून पहिल्यांदा एवढं बोलले.

मुदत संपायच्या चार दिवस आधी कागद गेले. अठरा दिवसांनी पैसे आले. व्हिसाची फी विम्यात बसली नाही, आणि पॉलिसीत बारीक अक्षरात लिहिलेली थोडी कपात झाली. बाकी सगळं मिळालं. आईने पासबुक पाहिलं, मिटलं आणि मला म्हणाली, "मग? तिकीट कधीचं काढतेस?"

आता पुन्हा काढलंय. यावेळी विम्याच्या अर्जात ऑपरेशनचा उल्लेख केला, हप्ता थोडा वाढला. पूर्वीचा आजार लपवलात तर पुढचा दावा गेलाच म्हणून समजा. प्रवासाला जायचं तर हॉस्पिटलच्या दारातसुद्धा पासपोर्ट खिशात असावा, एवढं मी आता सगळ्यांना सांगत सुटते.

काल काका स्वतः घरी आले, प्रवासाला योग्य असल्याचं पत्र घेऊन. 'श्रीमती शकुंतला उर्फ सुनंदा मोहिते', अक्षर इतकं सुवाच्य की डॉक्टरांचं वाटू नये. चहा घेताना त्यांनी जरा संकोचूनच विचारलं, "मग आता काय म्हणायचं तुम्हाला? शकुंतलावहिनी?"

आई बॅगेवर नावाची चिठ्ठी चिकटवत होती. चिठ्ठीवर एकच नाव होतं.

"तुम्ही सुनंदाच म्हणा हो," ती म्हणाली. "शकुंतलाला वेळ नाही. ती निघालीय."